सोळाव्या तुकड्याची गोष्ट

२० मे १७८५. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या तहावर सह्या होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. राज्यघटना लिहिली जायला अजून दोन वर्षे होती, पहिला राष्ट्राध्यक्ष शपथ घ्यायला चार. तिजोरीत खडखडाट आणि डोक्यावर युद्धाचे कर्ज. हाताशी होती ती पश्चिमेकडची जमीन, म्हणून ती मोजून विकायचा कायदा काँग्रेसने त्या दिवशी केला. त्याच कायद्यात एक लहानसे कलम आहे: प्रत्येक टाउनशिपमधला सोळावा तुकडा तिथल्या सार्वजनिक शाळांच्या निर्वाहासाठी राखून ठेवावा.

टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौरस. त्याचे छत्तीस तुकडे, प्रत्येक एक चौरस मैलाचा. यातली एकही टाउनशिप तेव्हा जमिनीवर आखलेली नव्हती. तिथे शाळा नव्हती, शाळेत जाणारी वसाहतवाल्यांची मुले नव्हती, त्या मुलांचे आईबाप बहुधा स्वतःच पाळण्यात होते. तरी त्यांच्या शाळेचा वाटा ठरून गेला होता. शाळेचा आराखडा करायचा म्हणजे आधी पटसंख्येचा अंदाज, मग वर्गखोल्या, मग मैदान, अशी आपली समजूत असते. इथे आधी आली ती जमीन.

ती किती? एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर, आपल्या हिशेबाने २५,६०० गुंठे. गुंठ्यांत सांगायला एक कारणही आहे. एडमंड गुंटर या इंग्रज गणितज्ञाने १६२० मध्ये मोजणीसाठी ६६ फुटांची साखळी वापरात आणली. ऐंशी साखळ्यांचा मैल, दहा चौरस साखळ्यांचा एकर. ही पश्चिमेकडची जमीन मोजायला ओहायोच्या जंगलातून हीच साखळी ओढत नेली गेली. आणि आपला गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, बरोबर अर्ध्या साखळीचा चौरस. गुंठेवारीचे प्लॉट आणि शिकागोचे चौक एकाच मापाच्या घराण्यातले आहेत, हे कळल्यापासून मी गुंठ्याकडे जरा आदराने पाहतो.

मोजणी सुरू झाली ३० सप्टेंबर १७८५ रोजी, ओहायो नदीच्या काठावर, थॉमस हचिन्स यांच्या देखरेखीखाली. काही मैलांतच काम थांबले. कारण ही जमीन मोकळी नव्हतीच. ती शॉनी, लेनापे, वायंडॉट अशा लोकांची होती आणि तिच्यावर कोणी साखळ्या टाकाव्यात हे त्यांना मान्य नव्हते. शाळांना दिलेले हे दान दुसऱ्याच्या अंगणातले होते, हे विसरून या गोष्टीचे कौतुक करता येत नाही.

तुकड्यांना क्रमांक द्यायची पुढे जी रीत पक्की झाली ती शेतात नांगर फिरतो तशी आहे: पहिली ओळ पूर्वेकडून पश्चिमेकडे, दुसरी उलट, तिसरी पुन्हा पहिलीसारखी. या हिशेबाने सोळावा तुकडा टाउनशिपच्या मध्यबिंदूला टेकतो. म्हणजे कोणत्याही कोपऱ्यातल्या घराला तो फार दूर नाही. मात्र शाळा तिथेच बांधा असे कायदा म्हणत नव्हता. जमीन कसा, भाड्याने द्या, काहीही करा, उत्पन्न शाळेचे. देवळाच्या दिवाबत्तीसाठी इनाम जमीन देण्याची चाल आपल्याला परकी नाही. गंमत म्हणजे या कायद्याच्या मसुद्यात धर्मकार्यासाठीही एक तुकडा ठेवला होता. चर्चेत तो गळाला, शाळेचा तेवढा टिकला.

पुढे नवी राज्ये होत गेली तसा हा वाटा वाढला. १८४८ मध्ये ओरेगन प्रदेशासाठी सोळाव्याच्या जोडीला छत्तिसावा तुकडाही आला. १८९४ च्या युटाच्या कायद्याने तर चार तुकडे दिले, कारण तिथल्या रखरखीत जमिनीतून एका तुकड्यावर शाळेचे काय भागणार? युटाच्या सरकारी नकाशांवर आजही वाळवंटभर ठरावीक अंतरावर निळे चौकोन दिसतात. तिथे ना पाणी ना वस्ती. ती राज्याच्या विश्वस्त मालकीची जमीन, बहुतेक शाळांच्या नावावरची.

राखणे सोपे होते, धरून ठेवणे अवघड. शिकागोचे उदाहरण घ्या. तिथला सोळावा तुकडा पडला ऐन गावाला लागून, मॅडिसन रस्त्याच्या दक्षिणेला, आज जिथे शहराचा व्यापारी मध्यभाग आहे तिथे. १८३३ च्या सप्टेंबरमध्ये पोटावाटोमी लोकांकडून आणि त्यांच्या सोबत्यांकडून उरलासुरला प्रदेश तहाने घेतला गेला, आणि पुढच्याच महिन्यात शाळेच्या तुकड्याचा लिलाव झाला. त्यातल्या १४२ चौकांपैकी (रस्त्यांमधल्या ब्लॉकांपैकी) १३८ विकले गेले, ३८ हजार डॉलरच्या आसपास रकमेला. घेणाऱ्यांना जमीन उधारीवर मिळाली. शहर तेव्हा काही शे वस्तीचे. राहिलेल्या चार चौकांतल्या जागांचे भाडे मात्र शाळा मंडळ पिढ्यान्‌पिढ्या घेत आले. शहराच्या नैर्ऋत्येला असाच आणखी एक चौरस मैल होता. त्यावर विमानतळ उभा राहिला, मिडवे. कित्येक दशके त्या धावपट्ट्यांखालची जमीन शाळा मंडळाचीच होती.

मिसिसिपीत अनुभवाने शहाणपण आले. १८९० च्या राज्यघटनेने सोळाव्या तुकड्यांच्या विक्रीला बंदी केली. आता तिथे ६ लाख ४० हजार एकरांहून अधिक जमीन शाळांसाठी राखलेली आहे. पाइनचे लाकूड, शेतीचे पट्टे, शिकारीचे पट्टेसुद्धा. हरणाच्या शिकारीचे भाडे शाळेच्या खात्यात जमा होते. ही जमीन राखली गेली तेव्हा त्याच राज्यात गुलाम असलेल्या मुलांना या शाळांचे दार बंद होते, हेही त्याच वहीत लिहिलेले आहे.

राज्याच्या उत्तरेला मात्र एक मोठा पट्टा असा आहे जिथे सोळावा तुकडाच नाही. मोजणी होऊन तुकडे राखले जात होते तेव्हा ती भूमी चिकासॉ लोकांची होती. ती घेतल्यावर बदली म्हणून दुसरीकडे जमीन दिली गेली, राज्याने ती विकली, आलेले पैसे रेल्वे कंपन्यांना कर्जाऊ दिले आणि यादवी युद्धात ते रेल्वेमार्ग उद्ध्वस्त झाले. भांडवल बुडाले. राज्य त्या भांडवलाचे व्याज म्हणून वर्षाला थोडी रक्कम देत राहिले. १९८६ मध्ये हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले तेव्हा नोंदींत १९८४ चे आकडे होते. राज्याच्या इतर भागांत सोळाव्या तुकड्याचे सरासरी उत्पन्न दर विद्यार्थ्यामागे ७५ डॉलर ३४ सेंट. चिकासॉ पट्ट्यात ६३ सेंट. बुडालेले भांडवल परत मागता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. पण तेव्हा शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना असे असमान वाटप का, हा प्रश्न विचारायची वाट त्याने मोकळी ठेवली.