सबजा फुगतो कसा, फिरनी दाटते कशी?

मत्स्योदरी देवीच्या अंबड शहरात रमजान सुरू झाला की रोजेदारांच्या घरी संध्याकाळी सबजा भिजत पडतो. मोहरीपेक्षा बारीक, काळे दाणे. दहा-पंधरा मिनिटांत प्रत्येकाभोवती काचेसारखा गोळा तयार होतो. मगरिबची अजान झाली, खजुराने रोजा सुटला, की हाच सबजा सरबतातून समोर येतो.

ही करामत सालीतल्या पॉलिसॅकराइडची. साखरेचे शेकडो-हजारो रेणू एकापुढे एक जोडले गेले की या लांब साखळ्या बनतात. पाणी लागताच त्या पसरतात, एकमेकींत गुंततात आणि पाणी धरून ठेवतात. साखर विरघळली तरी सरबत पातळच राहते. पण अशा साखळ्या चिमूटभर असल्या तरी तेच पाणी दाट करतात. ढवळले की साखळ्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात, मिश्रण सैल पडते. हात थांबला की पुन्हा दाट.

फिरनीत हेच काम तांदळाचा स्टार्च करतो, पण त्याला आच लागते. थंड दुधात वाटलेला तांदूळ तळाशी बसतो. सुमारे 70 अंशांपुढे त्याचे कण दूध शोषून फुगतात. उकळत्या दुधात कोरडे पीठ टाकले तर वरचा थर लगेच चिकटतो, आत कोरडे राहते, हीच गुठळी. म्हणून पीठ आधी थंड दुधात कालवायचे. एकादशीचा पांढरा साबुदाणा कढईत पारदर्शक होतो, तोही याच कारणाने.

समुद्री शेवाळापासून मिळणारा चायना ग्रास 85 अंशांच्या आसपास वितळतो. त्यामुळे त्याची जेली उन्हाळ्याच्या दुपारीही टिकते. जिलेटिन मात्र जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते आणि उन्हात पाघळते. म्हणून चायना ग्रासची जेली रोजेदारालाही चालते, शाकाहारी शेजाऱ्यालाही.

दाटपणाला औषधी बाजूही आहे. पक्षाघातानंतर काहींना साध्या पाण्याचा ठसका लागतो. अशांना डॉक्टर पाणी दाट करून द्यायला सांगतात. ते सावकाश उतरते, श्वासनलिका मिटायला वेळ मिळतो.

मात्र सबजा किंवा इसबगोल कोरडा तोंडात टाकू नये. तो घशातच फुगून अडकू शकतो. लहान मुले आणि वृद्धांना हा धोका अधिक. सबजा पूर्ण फुलू द्यावा, इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्यावा. गिळायला त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.