घरगुती हायड्रोपोनिक्स संचातील पाण्याचे तापमान : भांडुपच्या हवामानाच्या संदर्भात

प्रस्तावना :

मातीशिवाय, केवळ पोषकद्रव्ये मिसळलेल्या पाण्यावर भाजीपाला पिकविण्याच्या पद्धतीस 'हायड्रोपोनिक्स' असे म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी १९३७ मध्ये हे नाव रूढ केले. भारतात शाल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास कालिम्पाँग येथे या पद्धतीचे प्रयोग केले. कालिम्पाँग हे थंड हवेचे डोंगराळ ठिकाण आहे, ही बाब येथे दुर्लक्षून चालणार नाही. आज मुंबईच्या उपनगरांतील सदनिकांच्या गॅलऱ्यांत जे छोटे संच दिसतात, त्यांच्या माहितीपत्रकांत 'पाणी २० अंशांच्या आसपास ठेवावे' असे सहजपणे लिहिलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत भांडुपसारख्या ठिकाणी ते कसे साधावे, याविषयी मात्र माहितीपत्रक मौन पाळते.

प्रस्तुत लेखिकेच्या भांडुप पश्चिम येथील घरी, पश्चिमाभिमुख गॅलरीत, वीस लिटर टाकीचा असा एक संच आहे. पहिल्याच उन्हाळ्यात त्यातील पालक आणि लेट्यूस ही दोन्ही पिके गेली. दुपारी पाने माना टाकीत, सायंकाळी सावरत. आठवड्याभरात मुळे तपकिरी व बुळबुळीत झाली. आरंभी दोष बियाण्यास दिला, नंतर खताच्या पुडीस. टाकीत हात घालून पाहण्याचे सुचले ते शेवटी. पाणी आंघोळीस चालावे इतके कोमट होते.

तापमान आणि प्राणवायू :

पाण्यात बुडालेल्या मुळांनाही श्वसनासाठी प्राणवायू लागतो व तो पाण्यात विरघळलेल्या स्वरूपात मिळतो. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो. ३० अंशांस हे प्रमाण सुमारे ७.६ मिलिग्रॅमवर येते. ही घट वरवर फार मोठी वाटत नाही. परंतु त्याच दहा अंशांच्या वाढीने मुळांच्या श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे पुरवठा घटतो त्याच वेळी मागणी वाढते. अशा गुदमरलेल्या मुळांवर पायथियम वर्गातील रोगकारक सूक्ष्मजीव हल्ला करतात. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात आणि त्यांच्यातील काही जातींना कोमट पाणीच अधिक मानवते. तपकिरी मुळांचे कारण बहुधा हेच असते.

मडक्याची मर्यादा :

पाणी गार करावयाचे म्हटले की आपणास प्रथम मडके आठवते. टाकीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे, हा सल्ला लेखिकेसही अनेकांनी दिला. त्यामागील शास्त्र निर्दोष आहे. वीस लिटर पाण्यातून केवळ शंभर ग्रॅम पाण्याची वाफ झाली व त्यासाठी लागणारी सर्व उष्णता त्या पाण्यातूनच घेतली गेली, तर तापमान जवळजवळ तीन अंशांनी उतरते. प्रश्न असा की, हवा ती वाफ स्वीकारते का?

बाष्पीभवनाने पाणी किती गार होऊ शकेल याची सीमा हवेच्या आर्द्रतेवर ठरते. तापमापीच्या फुग्यास ओले फडके गुंडाळून वाऱ्यात धरली असता जे तापमान दिसते, तीच ही सीमा होय. नागपूरच्या उन्हाळ्यात ४३ अंश तापमान व १५ टक्के आर्द्रता असता ही सीमा सुमारे २२ अंश येते. भांडुपमध्ये मे महिन्यात ३३ अंश तापमान व ६५ टक्के आर्द्रता धरल्यास ती २७ अंशांच्या वर राहते. म्हणजे दहा अंश अधिक तापलेल्या नागपुरात मडके आपल्यापेक्षा अधिक गार पाणी देऊ शकते! जुलैमध्ये हवा २९ अंशांवर उतरली तरी ९० टक्के आर्द्रतेमुळे सीमा २७ अंशांच्या पुढेच असते. फेब्रुवारीतील कोरड्या दुपारी मात्र हेच गोणपाट उत्तम काम करते. तात्पर्य, ज्या महिन्यांत गारव्याची निकड अधिक, त्याच महिन्यांत हा उपाय येथे दुबळा ठरतो.

येथे कोणी भांडुप-कांजूरमार्गच्या मिठागरांचा दाखला देईल, की तेथे तर उन्हाळ्यात भरपूर बाष्पीभवन होते. ते खरेच, पण ती वाफ उन्हाच्या उष्णतेने होते. मिठागरातील पाणी आटते, ते मडक्यासारखे गार होत नाही. उन्हात ठेवलेल्या टाकीची गतही हीच. शिवाय पाणी आटले की क्षारांची तीव्रता वाढते, म्हणून घट भरून काढताना साधेच पाणी घालावे लागते.

बर्फाचा हिशोबही पाहण्याजोगा आहे. ३२ अंशांच्या वीस लिटर पाण्यात एक किलो बर्फ वितळला, तर तापमान सुमारे २६.७ अंशांवर येते. बाटलीबंद बर्फ सोडल्यास द्रावणही पातळ होत नाही. परंतु टाकीत उष्णता शिरण्याचा मार्ग मोकळाच असेल, तर दुपारचा बर्फ सायंकाळपर्यंत व्यर्थ जातो.

उष्णता अडविणे :

म्हणून उष्णता काढण्यापेक्षा ती आत येऊ न देणे अधिक व्यवहार्य ठरते. मासळी बाजारात मिळणारे थर्माकोलचे रिकामे खोके स्वच्छ धुऊन त्यात टाकी बसविली व बाहेरून पांढरा कागद लावला, तर मोठा फरक पडतो. झाकण घट्ट असावे. त्याने प्रकाश अडून शेवाळ रोखले जाते आणि डासांची पैदासही होत नाही. डेंग्यूच्या दिवसांत ही गोष्ट शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे. टाकी वीसऐवजी चाळीस लिटरची घेतल्यास तेवढ्याच उष्णतेने होणारी तापमानवाढ निम्मी होते.

दोन शत्रू घरातलेच असतात. पहिला गच्चीवरील काळी टाकी. दुपारी तिच्यातून येणारे पाणी मुळातच तापलेले असते. महापालिकेचे पाणी सकाळी येते तेव्हाच ते भरून सावलीत ठेवावे. दुसरा शत्रू पाण्यात बुडवून ठेवलेला पंप. अठरा वॅटचा पंप चोवीस तास चालला आणि उष्णता बाहेर पडलीच नाही, तर वीस लिटर पाणी सुमारे १८ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता निसटते, तरीही तो सतत चालविण्याचे कारण नाही. दर तासाला पंधरा मिनिटे पुरतात.

हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅटकी यांनी विकसित केलेल्या पद्धतीत तर पंपच नसतो. पाण्याची पातळी उतरत जाते व मुळांचा वरचा भाग दमट हवेत राहून तेथूनच प्राणवायू घेतो. उष्ण हवामानातील बेटावर सुचलेला हा मार्ग आपणास अधिक जवळचा आहे. वीज गेली तरी त्यात मुळे गुदमरत नाहीत.

एवढे करूनही मे महिन्यात भांडुपच्या टाकीतील पाणी २० अंशांवर येणार नाही. २८ अंशांच्या आसपास राहिले तरी पुष्कळ झाले. लेखिकेच्या गॅलरीत आता एप्रिलपासून मायाळू आणि पाण्यातच वाढणारी नाळीची भाजी असते. लेट्यूसचे बी नोव्हेंबरमध्ये पेरले जाते.