खुला एडिटर टिकेल काय? महाळुंग्याच्या एका गाळ्यातला हिशोब

चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर महाळुंगे इंगळे हे गाव लागते. (बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळचे महाळुंगे ते वेगळे. नवखा टेम्पोवाला हमखास माल तिकडे घेऊन जातो.) चाकणच्या या औद्योगिक पट्ट्यात बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज अशा मोठ्या कंपन्यांचे कारखाने आले आणि त्यांच्या पाठोपाठ सुटे भाग करणारे शेकडो लहान कारखानदार आले. मी कापडाचा व्यापारी. कामगारांच्या गणवेशाचे ड्रिल कापड आणि यंत्रे पुसण्याचे कॉटन वेस्ट मी तिथे पुरवतो. वसुलीला गेलो की भाच्याच्या गाळ्यात चहा होतो.

भाचा सुटे भाग करत नाही. तो आणि त्याची पाच मुले संगणकाचे प्रोग्राम लिहितात. सीएनसी यंत्राने पाळीत किती नग काढले, किती वेळ ते बंद उभे राहिले, याचा हिशोब मालकाच्या मोबाइलवर जावा, असे त्यांचे काम आहे. मागच्या फेरीत त्याने माझ्यासमोर एक कागद ठेवला आणि म्हणाला, ‘‘मामू, मुलं म्हणतात कर्सर घ्या. दर माणशी महिन्याला वीस डॉलर. आजवर एडिटरला एक पैसा लागला नव्हता. तुम्ही हिशोब करून सांगा.’’

हिशोब करायचा तर वस्तू समजली पाहिजे. म्हणून मी त्याला दोन तास बसवून विचारले. जे समजले ते आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांच्याही उपयोगाचे वाटले, म्हणून लिहितो.

एडिटर म्हणजे काय? शिंपी मास्तरचे कटिंग टेबल डोळ्यांसमोर आणा. टेबलावर कापड विणले जात नाही, कात्रीही टेबलाची नसते. पण माप, खडूची रेघ, काट सगळे त्यावर होते आणि मास्तरचा दिवस त्याच्यापाशीच जातो. प्रोग्राम लिहिणाऱ्याचा दिवस तसा एडिटरपाशी जातो. सीएनसी चालवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. जी आणि एमच्या आज्ञा ज्या खिडकीत दुरुस्त करतो, तो एडिटरच. नोटपॅड प्लस प्लस नावाचा फुकट एडिटर 2003 पासून या कामी येतो. आमच्या कापडाच्या धंद्यात जकार्डचे पत्ते पाडणारा उस्ताद जे करतो तेही याच जातीचे काम आहे. केंद्र सरकारच्या डिजिटल इंडिया कॉर्पोरेशनने विणकरांसाठी डिजिबुनाई हे जकार्ड आणि डॉबीच्या नक्षीचे सॉफ्टवेअर काढले, तेही खुलेच आहे.

‘खुले’ म्हणजे नुसते फुकट नव्हे. फुकट तर दुकानदार पिशवीही देतो. खुले म्हणजे वस्तूबरोबर तिचा नक्षाही हातात देणे, आणि तो उतरवून घ्या, बदला, वाटल्यास विका, अशी लेखी मुभा देणे. भाच्याच्या गाळ्यात चालतो तो व्हीएस कोड मायक्रोसॉफ्टने एप्रिल 2015 मध्ये जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा नक्षा खुला केला. परवाना एमआयटीचा, म्हणजे जवळजवळ काहीच अट नसलेला. आज प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक तो वापरतात, असे स्टॅक ओव्हरफ्लोच्या 2025 च्या पाहणीत दिसले. कर्सर त्याच पाहणीत 18 टक्क्यांच्या आसपास होता. जन्माला येऊन दोन-तीन वर्षे झालेल्या मालाने एवढी जागा घेणे सोपे नाही.

आता गंमत पाहा. कर्सर परका नाही. अ‍ॅनिस्फिअर नावाच्या अमेरिकन कंपनीने व्हीएस कोडचाच खुला नक्षा उचलला, त्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस बसवला आणि बाजारात आणला. यात चोरी काही नाही. परवान्यातच तशी मुभा आहे. साध्या भाषेत सांगितले की तो प्रोग्राम लिहून देतो, दुसऱ्याने लिहिलेला समजावून सांगतो, चूक शोधतो. भाच्याने मला करून दाखवले. ज्या कामाला मुलाचा अर्धा दिवस जातो ते दहा मिनिटांत पडद्यावर आले. त्यात दोन चुका होत्या, आणि त्या ओळखायला पुन्हा मुलगाच लागला, हेही खरे. नोव्हेंबर 2025 मध्ये या कंपनीने 2.3 अब्ज डॉलर भांडवल उभे केले आणि तिचे मोल 29.3 अब्ज डॉलर धरले गेले. कंपनीची स्थापना 2022 ची! चार विद्यार्थ्यांनी काढलेली.

मग खुला एडिटर संपला काय? मी भाच्याला हेच विचारले. तो म्हणाला, नक्षा खुला आहे, तो कुणाला परत घेता येत नाही. बरोबर आहे. पण आपण बाजारात केस पांढरे केले आहेत. माल कोणाचा हे जितके महत्त्वाचे, तितकेच मंडईचे फाटक कोणाच्या हातात आहे हेही महत्त्वाचे असते. कांदा शेतकऱ्याचा असला तरी लिलाव मार्केट यार्डाच्या नियमाने होतो.

व्हीएस कोडचे यार्ड म्हणजे त्याची जोडसाहित्याची बाजारपेठ. नुसत्या एडिटरवर कोणाचे भागत नाही; वेगवेगळ्या भाषांसाठी, यंत्रांसाठी हजारो जोड मिळतात आणि त्या मायक्रोसॉफ्टच्या बाजारपेठेत असतात. त्या बाजारपेठेच्या अटी म्हणतात की हा माल फक्त मायक्रोसॉफ्टच्याच एडिटरवर वापरायचा. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या काही जोडांचा नक्षाही खुला नाही. एप्रिल 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टची सी आणि सी प्लस प्लस भाषेची जोड कर्सरवर चालेनाशी झाली. कर्सरशी स्पर्धा आहे, ठीक. पण त्याच दिवशी ती व्हीएसकोडियमवरही बंद पडली. व्हीएसकोडियम म्हणजे स्वयंसेवकांनी खुल्या नक्ष्यावरून बांधलेला, मायक्रोसॉफ्टला वापराची माहिती न पाठवणारा एडिटर. दोन शेठांच्या भांडणात फाटक लागले आणि बाहेर उभा असलेला फुकट सेवा करणारा माणूसही अडला. त्यासाठी एक्लिप्स फाउंडेशन ओपन व्हीएसएक्स नावाचे दुसरे, सर्वांना मोकळे यार्ड चालवते. माल तिथे कमी आहे. पण फाटक एका दुकानदाराच्या हातात नाही, ही मोठी गोष्ट.

माझ्या मते खुल्या एडिटरचे भवितव्य नक्ष्यावर ठरणार नाही. हे दुसरे यार्ड किती भरते आणि एडिटर दुरुस्त करणाऱ्या उस्तादांना पगार कोण देतो, यावर ते ठरेल. याला दोन दाखले आहेत.

पहिला अ‍ॅटमचा. गिटहब कंपनीने तो 2014 मध्ये आणला, खुला केला, लोकांना आवडला. 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला गिटहबच विकत घेतली. एका घरात दोन एडिटर झाले. 15 डिसेंबर 2022 रोजी अ‍ॅटमला कुलूप लागले. नक्षा आजही कोणीही उतरवून घेऊ शकतो, काहींनी पल्सर नावाने तो पुढे चालवलाही. पण पगारी कारागीर गेले की दुकानाची रया जाते. अ‍ॅटम घडवणाऱ्यांतल्या काहींनी झेड हा नवा एडिटर बांधला आणि जानेवारी 2024 मध्ये खुला केला. हुनर कुलपात अडकत नाही, एवढा दिलासा.

दुसरा दाखला जुना आहे. जेम्स गॉस्लिंग यांनी, ज्यांनी पुढे जावा भाषा घडवली, ईमॅक्स नावाच्या एडिटरची एक आवृत्ती लिहिली होती. 1983 च्या सुमारास तिचे हक्क युनिप्रेस या कंपनीकडे गेले. रिचर्ड स्टॉलमन यांना तिच्यातला भाग वापरायची अडचण झाली, तेव्हा त्यांनी तो भाग स्वतः नव्याने लिहिला आणि 1985 मध्ये जीएनयू ईमॅक्स बाहेर आणला. युनिप्रेसचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? जीएनयू ईमॅक्स चाळीस वर्षांनंतरही चालू आहे, कारण त्याची देखभाल करणारे लोक एका शेठच्या पगारावर नव्हते.

व्हीएस कोड या दोहोंच्या मधला आहे. नक्षा खुला, पण बहुतेक उस्ताद मायक्रोसॉफ्टच्या पगारावर. शेठला रस आहे तोवर काळजी नाही, आणि सध्या कर्सरमुळेच रस वाढला आहे. डिसेंबर 2024 मध्ये व्हीएस कोडमधल्या कोपायलट मदतनीसाचा मर्यादित वापर फुकट झाला. 30 जून 2025 ला कोपायलट चॅट या जोडीचा नक्षाही खुला केला गेला. स्पर्धकाने दुकान थाटले की जुना दुकानदार तराजू पुसतो, तसे झाले. लहानांचे मात्र हाल आहेत. कर्सरला खुला पर्याय म्हणून निघालेल्या व्हॉइड या एडिटरचे काम त्याच्या कर्त्यांनी थांबवले.

आता भाड्याच्या बाजूचा हिशोब. कर्सरकडे माग आहे, पण सूत मुख्यतः दुसऱ्याचे. बुद्धिमत्तेची जी मॉडेल आतून काम करतात त्यातली बरीच ओपनएआय, अँथ्रॉपिक, गूगल अशा कंपन्यांची असतात आणि वापराप्रमाणे त्यांना पैसे मोजावे लागतात. भिवंडीच्या किंवा मालेगावच्या यंत्रमागवाल्याला यापुढचे सांगायला नको. सुताचा भाव चढला की कापडाचा ठरवलेला भाव पाळता येत नाही. जून 2025 मध्ये कर्सरने वीस डॉलरच्या योजनेत मोजण्याची पद्धत बदलली. आधी ठरावीक संख्येने विनंत्या मिळत, मग खर्चाच्या रकमेवर मर्यादा आली. काहींना अनपेक्षित बिले आली. जुलैच्या सुरुवातीला कंपनीने माफी मागून पैसे परत देण्याचे जाहीर केले. माफी मागितली हे चांगलेच. परंतु ज्याचा धंदा त्या मागावर उभा आहे त्याने भाव बदलू शकतो हे धरूनच चालावे. शेठही बदलू शकतो. विंडसर्फ नावाच्या अशाच एका एडिटरला ओपनएआय घेणार असे ठरत होते; जुलै 2025 मध्ये तो सौदा मोडला, कंपनीचा प्रमुख गूगलकडे गेला आणि उरलेली कंपनी कॉग्निशनने घेतली. हे सगळे तीन-चार दिवसांत! आपल्याकडे एवढ्या वेळात तर गाळ्याचा भाडेकरारही होत नाही.

पैशांचे गणित मी कागदावर मांडले. पाच माणसे, शंभर डॉलर महिना. डॉलर नव्वदच्या आसपास धरला तर नऊ हजार रुपये, वर्षाचे लाखाच्या वर. सेवा परदेशातून येते म्हणून नोंदणी असलेल्या धंद्याने जीएसटीचे अठरा टक्के स्वतः भरायचे, मग नियमात बसेल तसे वजा मिळते. रक्कम भाच्याला जड नाही. मुलांचे महिन्याचे चार दिवस वाचले तरी सुटते. मी म्हणालो, घे.

तेव्हा त्याने दुसरा कागद काढला. खरी अडचण त्यात होती.

जर्मन मोटार कंपन्या आपल्या पुरवठादारांकडून माहितीच्या सुरक्षिततेची टिसॅक्स नावाची तपासणी मागतात. 2017 पासून ही पद्धत आहे. भाच्याचा एक गिऱ्हाईक अशा कंपनीला भाग पुरवतो, आणि त्याने भाच्याकडून लिहून घेतले आहे की भागाची ड्रॉइंग, उत्पादनाचे आकडे आणि त्यावर चालणारा प्रोग्राम परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. मदतनीस काम करतो तो गाळ्यातल्या संगणकावर नव्हे. लिहिलेला प्रोग्राम कंपनीच्या संगणकांकडे जातो, तिथून उत्तर येते. कर्सरमध्ये खासगी राखण्याची सोय आहे, त्यात माल शिकवणीला वापरला जात नाही असा कंपनीचा शब्द आहे. तरी माल दाराबाहेर जातोच. दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू आपण शेजाऱ्याच्या चांगल्या तिजोरीतही विचारल्याशिवाय ठेवत नाही.

इथे खुल्या एडिटरची किंमत मला कळली. त्यावर क्लाइनसारखी खुली जोड बसवता येते आणि ओलामाच्या साहाय्याने मॉडेल गाळ्यातल्याच संगणकावर चालवता येते. इंटरनेटची तार काढली तरी काम चालते. हे मॉडेल मोठ्या मॉडेलांइतके हुशार नाही, आणि त्यासाठी चांगले ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते, तो खर्च वेगळा. पण कोणती जोड ठेवायची, कोणते मॉडेल जोडायचे, काय बाहेर जाईल आणि काय नाही, हे गाळ्याचा मालक ठरवतो.

दोन चहा आणखी झाले. ठरले ते असे. पाचपैकी दोघांना कर्सर, महिन्याच्या भाड्यावर. वर्षाचे पैसे आगाऊ भरायचे नाहीत. ज्या कामावर गिऱ्हाइकाचे बंधन नाही तेच त्यावर करायचे. जर्मन कंपनीच्या पुरवठादाराचे काम व्हीएसकोडियमवर, गाळ्यातल्या मॉडेलसह. जोड शक्य तिथे ओपन व्हीएसएक्समधली वापरायची, म्हणजे फाटक लागले तरी माल अडणार नाही. आणि कर्सरमध्ये लिहिलेली सूचनांची वही, प्रोग्रामची घडी, सगळे साध्या फायलींत ठेवायचे, जे कुठल्याही एडिटरमध्ये उघडेल.

शेवटी भाचा म्हणाला, ‘‘मामू, व्हीएसकोडियमवाल्यांनी आपल्याकडून कधी काही मागितलं नाही.’’ मी विचारले, मग त्यांचे घर कशावर चालते? त्याला सांगता आले नाही. त्याच्या मुलांपैकी एकाने ड्रायव्हरच्या कामात सापडलेली एक चूक दुरुस्त करून खुल्या जोडीच्या कर्त्यांकडे पाठवली होती, ती त्यांनी स्वीकारली, एवढे मात्र तो मुलगा मान वर न करता बोलला. मी त्याच्या नावे महिन्यातून एक शनिवार अशा कामासाठी मोकळा लिहून घेतला, आणि कॉटन वेस्टची थकलेली बिले घेऊन पुढच्या कारखान्याकडे निघालो.