पिसा ते फ्लोरेन्स, व्हाया पोंतेदेरा

निगडी किंवा चिंचवडमधल्या कुठल्याही सहल कंपनीकडे युरोपचं पत्रक मागा, त्यात टस्कनीच्या वाट्याला बहुधा एकच दिवस आलेला असतो. सकाळी पिसाचा झुकता मनोरा आणि त्याला तळहाताने टेकू देतानाचा फोटो, दुपारी फ्लोरेन्स, तिथल्या चौकातला दाव्हिद (हा नकली, अस्सल पुतळा १८७३ सालीच आत अकादमीत हलवला) आणि रात्री पनीरची भाजी. यात नावं ठेवण्यासारखं काही नाही. तीस वर्षं तीन पाळ्यांत काम केलेल्या माणसाने निवृत्तीनंतर फोटोसाठी मनोऱ्याला टेकू दिला, तर त्याला हसणारे आपण कोण?

पिसा ते फ्लोरेन्स हे अंतर साधारण ऐंशी किलोमीटरचं. वाटेत पोंतेदेरा नावाचं गाव लागतं आणि तिथे बस थांबत नाही. आकुर्डी-चिंचवडच्या माणसांनी मात्र ती हट्टाने थांबवावी, असं माझं म्हणणं आहे. आपल्या पट्ट्यातल्या निदान दोन पिढ्यांची चूल ज्या वाहनावर पेटली, ते वाहन या गावात जन्मलं.

पोंतेदेरात पियाजियो कंपनीचा विमानांचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात तिथे बॉम्बफेकी विमानं तयार व्हायची, त्यामुळे ऑगस्ट १९४३ मध्ये दोस्तांच्या विमानांनी तो कारखाना भाजून काढला. युद्ध संपलं तेव्हा छप्परं उडालेली, हजारो कामगार रिकामे आणि विमानं बनवायची सोय उरलेली नाही, अशी अवस्था होती. मालक एन्रिको पियाजियोने ठरवलं की सामान्य माणसाला परवडेल असं स्वस्त दुचाकी वाहन काढायचं. काम सोपवलं कोर्रादिनो दास्कानिओ या अभियंत्याकडे. हा माणूस हेलिकॉप्टरवाला. १९३० साली त्याच्या हेलिकॉप्टरने विक्रम केले होते. मोटारसायकल त्याला मनापासून नावडायची. साखळीचं वंगण कपड्यांना लागतं, टांग टाकून बसावं लागतं आणि पंक्चर झालं की चाक काढताना जीव जातो, या त्याच्या तक्रारी. वेस्पा ही स्कूटर म्हणजे या तक्रारींना दिलेलं एकेक उत्तर. तिचं पेटंट २३ एप्रिल १९४६ रोजी फ्लोरेन्समध्ये दाखल झालं आणि दहा वर्षांत, १९५६ साली, दहा लाखावी वेस्पा बाहेर पडली.

ज्यांनी वेस्पाच्याच बांध्याची बजाज चेतक वापरली आहे त्यांनी तिचं पुढचं चाक आठवावं. सायकलीसारखा दोन्ही बाजूंनी चिमटा नाही, एकाच बाजूचा दांडा. विमानाच्या चाकाला असतो तसा. त्यामुळे आस काढायची भानगडच नाही. स्कूटर स्टँडला लावायची, ड्रमवरचे नट पान्याने सैल करायचे, चाक हातात येतं. पुढचं-मागचं चाक एकाच मापाचं, म्हणून एक स्टेपनी दोन्हीकडे चालते. रिमही दोन अर्ध्यांची, नटबोल्टांनी जोडलेली. ते सोडवले की टायर न झगडता सुटतो. नव्वद सालापर्यंत पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेला धोतर-टोपीतला माणूस दहा मिनिटांत चाक बदलून पुढे निघायचा. त्या वेळी तो दास्कानिओच्या मोटारसायकलद्वेषाचा फायदा घेत होता. इंजिन मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला, म्हणून साखळी नको. वजन एका बाजूला, म्हणून नवशिक्याची गाडी हटकून उजवीकडे झुकायची. आणि किक मारण्याआधी गाडी आडवी करण्याचा विधी? तो मात्र कुठल्या पेटंटात नसावा. ते आपलं देशी संशोधन.

१९६० साली बजाज ऑटोने पियाजियोशी करार केला आणि भारतात वेस्पा बनू लागली. पुढे आकुर्डीचा कारखाना उभा राहिला. औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं १९६२ साली, पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० साली आणि महापालिका १९८२ साली. म्हणजे स्कूटर आधी आली, शहर मागाहून. १९७१ मध्ये करार संपला. परकीय तंत्रज्ञानाबाबत दिल्लीचं धोरण त्या काळात कडक होतं, त्यामुळे तो वाढवून मिळाला नाही. पुढच्याच वर्षी त्याच बांध्याची गाडी ‘चेतक’ या नावाने रस्त्यावर आली. नंबर लावून लोक आठ-आठ, दहा-दहा वर्षं वाट पाहत. ‘मुलगा बजाजमध्ये आहे’ एवढ्या वाक्यावर लग्नं ठरत. भोसरीपासून चिंचवडपर्यंत एकेका लेथवर सुरू झालेल्या वर्कशॉपमध्ये त्या गाडीचे सुटे भाग बनायचे. पोंतेदेराच्या आसपासही अशाच छोट्या पुरवठादारांची वस्ती वाढली. योगायोग असा की ज्यांच्याशी करार तुटला ते पियाजियोवालेच पुढे बारामतीत येऊन तीनचाकी ‘आपे’ बनवू लागले आणि २०१२ पासून वेस्पाही तिथेच तयार होऊ लागली. आकुर्डीत स्कूटर बनणं थांबलं आणि २०२२ मध्ये विजेच्या चेतकसाठी पुन्हा सुरू झालं. एकाच पुणे जिल्ह्यात एकाच घराण्याच्या दोन शाखा नांदत आहेत.

पोंतेदेराचं संग्रहालय कारखान्याच्याच जुन्या टूलरूममध्ये आहे, २००० साली उघडलेलं. स्टेशनपासून पायी काही मिनिटांवर. पिसाहून फ्लोरेन्सकडे जाणारी साधी लोकल पकडली की झालं. कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावा, नाहीतर दंड होतो. आत वेस्पाच्या आधीचा बेढब नमुनाही ठेवला आहे, ‘पापेरीनो’ नावाचा. एन्रिको पियाजियोला न आवडलेला. फसलेला नमुना जपून ठेवायला मोठं मन लागतं. आपल्याकडच्या जुन्या शेडपैकी एखादी अशी राखली गेली, तर शाळेच्या सहलींना मनोरंजन उद्यानाखेरीज आणखी एक ठिकाण मिळेल.

बाहेर पडल्यावर भूक लागते. पिसाच्या परिसरात ‘चेचिना’ मिळते: डाळीचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल तांब्याच्या रुंद परातीत ओतून भट्टीत भाजलेलं. मऊ मधोमध, कडा कुरकुरीत. पिठलं भट्टीत घालून वड्या पाडल्यासारखं. शाकाहारी माणसाला ददात नाही. फक्त इथल्या पावात मीठ नसतं हे माहीत असावं, नाहीतर पहिल्या घासाला आपण बेकरीवाल्याला दोष देतो.

पोंतेदेरानंतर टेकड्या सुरू होतात. दिनदर्शिकांवर असतात त्याच: सरूची रांग, माथ्यावर दगडी घर, उतारावर वेलींच्या ओळी. हे दृश्य नुसत्या निसर्गाने दिलेलं नाही. शेकडो वर्षं इथली जमीन शहरातल्या सावकार-सरदारांची आणि कसणारं कुळ निम्म्या वाट्याचं. एकाच तुकड्यात गहू, ऑलिव्ह आणि द्राक्षं घ्यायची, अर्धं धान्य मालकाच्या घरी पोचवायचं आणि तिथेच दगडी घरात राहायचं. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले, पण त्याआधीच पोरं पोंतेदेरासारख्या गावांच्या कारखान्यांकडे निघाली होती. काही जण पाळी संपवून संध्याकाळी शेतावर जात. खेड-मावळातल्या वाचकाला यात नवं काही वाटणार नाही. सत्तरच्या दशकापर्यंत हजारो घरं ओस पडली आणि ती इंग्रज-जर्मनांनी मिळेल त्या भावात घेतली. १९८५ च्या कृषिपर्यटन कायद्याने उरलेल्या शेतकऱ्यांना पाहुणे ठेवायची वाट मोकळी झाली. आज आपण ज्या घरात उतरून ‘किती शांत आहे’ म्हणतो, ती शांतता एका पळापळीतून आली आहे.

सिएन्नाच्या नगरभवनात या भूदृश्याच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक आहे. १३३८-३९ साली अम्ब्रोजिओ लोरेंझेत्तीने भिंतीभर रंगवलेलं, चांगला कारभार आणि वाईट कारभार. चांगल्या कारभाराच्या भिंतीवर गवंडी इमारत बांधत आहेत, चांभार दुकानात बसला आहे, गुरुजी शिकवत आहेत. वेशीबाहेर रस्ता धड आहे आणि त्यावरून शेतकरी माल घेऊन गावात येतो आहे. समोरच्या भिंतीवर जुलमी सत्ताधीश, मोडकी घरं, ओसाड शिवार. मुद्दा असा की हे चित्र देवळात नाही. गावचे नऊ कारभारी ज्या खोलीत बसून निर्णय घेत, त्या खोलीत आहे. ठराव मंजूर करताना मान वर केली की दोन्ही भिंती दिसणार. चाकण चौकातल्या कोंडीत अर्धा तास अडकलेल्या माणसाने आपल्याकडच्या सभागृहांच्या भिंतींबद्दल काय विचार करावा, हे त्याने ठरवावं.

वाइनचं म्हणाल, तर किआंतीच्या सीमा हुकमाने ठरल्या. १७१६ साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने हुकूम काढून कोणत्या गावांची वाइन किआंती म्हणवून घेऊ शकते, त्याच्या सीमा आखून दिल्या. १८७२ मध्ये बेत्तिनो रिकासोली या बॅरनने मिश्रण सांगितलं. मुख्य द्राक्ष सांजोवेझे. हा बॅरन इटलीचा दोनदा पंतप्रधान झालेला.

सांजोवेझे पाहायला आपल्याला व्हिसा लागत नाही. माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ फ्रातेल्ली वाइन्सच्या मळ्यात ते लावलं आहे. टस्कनीचे सेच्ची बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशी ती भागीदारी; वाइन घडवणारे पिएरो मासी हे किआंतीच्या परिसरातले. टस्कनीत वेल थंडीत झोपतो, वसंतात फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. सोलापूरच्या उन्हात वेल झोपायलाच तयार नसतो. म्हणून आपला बागायतदार वर्षात दोनदा कात्री लावतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी, आणि माल निघतो जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे गणपती बसून उठले की तिकडे क्रेट भरत असतात आणि इकडे नारायणगाव-अकलूजला छाटणीची मजुरी ठरत असते. टस्कनीला जायचा हंगामही हाच. ऑगस्टमध्ये जाऊ नये. पंधरा तारखेच्या सणाभोवती निम्मी दुकानं बंद. आणि चाकणकरांसाठी आणखी एक: आधुनिक भारतीय वाइनची सुरुवात तुमच्याच नाशिक रस्त्यावर, नारायणगावला, ऐंशीच्या दशकात इंडाजच्या फसफसत्या वाइनने झाली. तंत्र मात्र फ्रेंचांचं होतं.

फ्लोरेन्सच्या नैऋत्येला मोंतेस्पेर्तोलीजवळ मोंतेगुफोनी नावाचा वाडा आहे. युद्धात उफीत्सी संग्रहालयातली चित्रं बॉम्बपासून वाचवण्यासाठी इथे हलवली होती. जुलै १९४४ अखेर आघाडी वाड्यापर्यंत आली, तेव्हा तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान उतरले होते. त्यांची माहिती घ्यायला आलेल्या एरिक लिंकलेटर आणि विनफर्ड वॉन-थॉमस या लेखक-वार्ताहरांनी खोल्यांत डोकावलं, तर भिंतींना टेकवून ठेवलेलं जोत्तोचं काम, उच्चेल्लोची लढाई आणि बोत्तिचेल्लीचा ‘प्रिमावेरा’. लगेच पहारा बसला. सातारा-रत्नागिरीची पोरं त्या चित्रांच्या दारात बंदुका घेऊन उभी राहिली. आज उफीत्सीत ‘प्रिमावेरा’समोर रांग लावताना हे ठाऊक असलं तर उभं राहणं जरा सोपं जातं.

सगळेच परतले नाहीत. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, टस्कनीच्या शिवेलगत उम्ब्रियात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. टस्कनीतल्या आरेत्सोच्या युद्धस्मशानात दहन झालेल्या भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. तिथे सहलीची बस जात नाही.

त्यांच्याही आधी आलेला एक मराठी प्रवासी फ्लोरेन्समध्येच राहिला. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले, व्हिक्टोरिया राणीला भेटले आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लोरेन्समध्ये वारले. वय वीस. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि त्या देशात मृतदेह जाळण्याची पद्धत नव्हती. मिलानमध्ये इटलीतलं पहिलं आधुनिक दहन झालं १८७६ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. तरीही खास परवानगी मिळाली. संगमावर दहन करायचं म्हणून आर्नो आणि मुन्योने या नद्या जिथे मिळतात ती जागा निवडली आणि काशीने उद्यानाच्या पश्चिम टोकाला चिता रचली गेली. महाराजांची प्रवासाची दैनंदिनी कॅप्टन वेस्टने संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली.

१८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली. अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा, रंगीत आणि फेट्यासकट. छत्रीची रचना चार्ल्स मँट या वास्तुविशारदाची. हाच मँट पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा वास्तुकार. म्हणजे भवानी मंडपापासून पुढे नव्या राजवाड्याकडे जाणाऱ्याला हा हात ओळखीचा असायला हवा. छत्रीला फ्लोरेन्सकर ‘इंदियानो’ म्हणतात. १९७८ साली शेजारी आर्नोवर तारांनी तोललेला पूल झाला, त्यालाही तेच नाव पडलं. पूल शहराच्या वळणरस्त्यावर आहे, गर्दीच्या वेळी तुंबतो. त्यामुळे कोल्हापूरच्या राजाचा उल्लेख तिथल्या वाहतुकीच्या बातम्यांत आजही होत असतो.