रागाच्या भरात केलेली मोडतोड

गाडी लावण्याच्या जागेवरून दोन शेजाऱ्यांत संध्याकाळी खडाजंगी होते. सकाळी पाहावे तर एकाच्या स्कूटरची सीट ब्लेडने फाडलेली! ‘चोरी तर केली नाही ना? सीटचे पैसे देऊन टाकू,’ असे दुसऱ्याचे म्हणणे. पण प्रश्न केवळ पैशांचा नसतो. हा फौजदारी गुन्हा आहे.

कायद्याच्या मराठीत याला ‘आगळीक’ म्हणतात. १८६० च्या भारतीय दंड संहितेत हा गुन्हा कलम ४२५ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३२४ मध्ये आहे. येथे गुन्हेगाराला काही मिळालेच पाहिजे असे नाही. दुसऱ्याची अंगठी मुद्दाम नदीत फेकणे, हे उदाहरण तर कायद्यानेच दिले आहे.

सारे अवलंबून असते ते मनातल्या हेतूवर किंवा जाणिवेवर. मुलांच्या क्रिकेटचा चेंडू लागून काच फुटली, तर तो अपघात. भरपाई द्यावी, पण तो गुन्हा नव्हे. भांडणानंतर त्याच खिडकीवर दगड भिरकावला, तर मात्र ‘नुसते घाबरवायचे होते’ ही सबब चालत नाही. काच फुटण्याचा संभव आहे हे माहीत असणेही पुरेसे ठरते.

‘घर माझेही आहे, मी भिंत पाडीन!’ असे भाऊबंदकीत सर्रास ऐकू येते. परंतु सामाईक मालमत्तेची, इतकेच काय स्वतःच्या वस्तूची नासधूसही दुसऱ्याला नुकसान पोचवण्यासाठी केली, तर ती आगळीक ठरू शकते.

साध्या आगळिकीला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. नुकसान वीस हजार रुपये ते एक लाखाच्या आत असेल तर कैद दोन वर्षांपर्यंत आणि एक लाख वा त्याहून अधिक असेल तर पाच वर्षांपर्यंत होऊ शकते. शेजाऱ्याच्या पिण्याच्या पाण्याची नळी कापणे किरकोळ वाटते. पण पाणीपुरवठा कमी करणाऱ्या आगळिकीलाही पाच वर्षांपर्यंत कैद आहे. राहते घर नष्ट करण्याच्या हेतूने आग लावणाऱ्यास तर जन्मठेपही होऊ शकते. मोर्चात एसटी किंवा बसची मोडतोड करणाऱ्यांना सार्वजनिक मालमत्तेच्या हानीसंबंधीचा १९८४ चा स्वतंत्र कायदा लागू होतो.

आपले नुकसान झाल्यास प्रथम छायाचित्रे काढावीत, दुरुस्तीचे बिल जपून ठेवावे आणि पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. साध्या आगळिकीचा तपास पोलिसांना दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करता येत नाही. ज्याचे नुकसान झाले, त्याच्या संमतीने असे प्रकरण तडजोडीने मिटवताही येते. शेजाऱ्यांना तोच जिना रोज चढायचा असतो. तेव्हा चूक कबूल करून वेळीच भरपाई देणे दोघांच्याही हिताचे. सीट नवी बसवता येते; पण एकदा गुन्हा सिद्ध झाला की तो शिक्का सहजी पुसला जात नाही.