वजन नॉर्मल, पोट मात्र सुटलेलं

तिशीतलं पोट : लेखांक 7

आठवड्याचा व्यायाम कसा बसवायचा, हे आज लिहायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या खेपेला. चिंचवडच्या एका वाचकांचं पत्र आलंय. त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे गेलो, तर तो व्यायाम नेमका कशासाठी करायचा, हेच अनेकांच्या लक्षात येणार नाही.

पत्राचा मजकूर थोडक्यात असा. वय 34, उंची 170 सेंटिमीटर, वजन 64 किलो. हातपाय कॉलेजात होते तसेच काटकुळे. कंपनीच्या वार्षिक तपासणीत वजनासमोर दरवर्षी 'नॉर्मल' लिहून येतं. पण खुर्चीत बसलं की शर्ट पोटावर ताणतो आणि बटणांच्या फटींतून बनियन दिसतं. व्यायामाचं नाव काढलं की आई म्हणते, 'अरे, तुझ्या अंगावर मांस आहे कुठे? तू आणखी काय बारीक होणार?' शेवटी त्यांनी विचारलंय : मी वजन कमी करायचं की वाढवायचं?

ही लेखमाला सुरू झाल्यापासून आलेला हा सगळ्यात नेमका प्रश्न आहे. पोट कमी करण्याबद्दल जे छापून येतं, ते बहुतेक वेळा सगळ्याच अंगानं भरलेल्या माणसाला समोर ठेवून लिहिलेलं असतं. आपल्याकडे लोकलमध्ये किंवा हिंजवडीच्या बसमध्ये जरा नजर फिरवा. मनगटं बारीक, मांड्या बारीक, खांदे उतरलेले आणि मधोमध पोट. हा खास आपला नमुना आहे, आणि त्याच्यावरचं जगभर गाजलेलं काम पुण्यात झालं आहे.

रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये एक छोटंसं टिपण लिहिलं. (साखरेविरुद्ध पुस्तक लिहिणारे जॉन युडकिन ते वेगळे.) टिपणात त्या दोघांचाच फोटो आहे. उंचीच्या हिशेबात वजन किती, हे सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3. मग दोघांनी डेक्सा यंत्रावर अंगातली चरबी मोजून घेतली. युडकिन यांची निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आकडा तोच, पण एकाच्या अंगात दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त चरबी. दोघांच्याही आडनावाचं इंग्रजी आद्याक्षर 'वाय', म्हणून याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणतात. कारणांबद्दल लिहितानाही त्यांनी आडपडदा ठेवलेला नाही. युडकिन मॅरेथॉन पळतात. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत पळत जाऊन ती गाठणं. आणि जाता जाता आणखी एक नोंद : याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं.

मला हे टिपण अतिशय प्रिय आहे. मोठमोठ्या तक्त्यांतून सामान्य माणसाला जे उमगत नाही, ते दोन डॉक्टरांनी स्वतःचं शरीर पुढे करून दाखवून दिलं. चिंचवडच्या वाचकांचा बीएमआय मी काढला, तो येतो 22.1. याज्ञिकांच्या शेजारी जाऊन बसावं असा!

जन्माच्या वजनाची ती नोंद सहज आलेली नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास करत होते. तिथल्या बाळांचं सरासरी वजन भरलं 2.7 किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. फरक 800 ग्रॅमचा. आता हे 800 ग्रॅम अंगात कुठे कमी पडले, ते पाहण्यासारखं आहे. स्नायू कमी, पोटाचा घेर कमी, म्हणजे आतले अवयव लहान. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली कातडीची चिमट घेऊन जी चरबी मोजतात, ती मात्र बरीचशी राखलेली. दिवसभर शेतात राबणाऱ्या, ताटात बेताचंच पडणाऱ्या आईच्या पोटात वाढताना बाळानं काटकसर केली ती स्नायूंवर. चरबीला हात लावला नाही. 'थिन-फॅट' हे नाव या बाळांवरूनच रूढ झालं. आपलं जन्मवजन किती होतं, हे आईला एकदा विचारून ठेवा. पोटाचा विचार करताना ती माहिती उपयोगी पडते.

याचा तिशीतल्या पोटाशी संबंध असा. मांड्या, नितंब, दंड यांच्या कातडीखाली साठलेली चरबी फारशी उपद्रवी नसते. खरं म्हणजे ती चरबीची हक्काची जागा आहे. कणगी लहान असली आणि पीक जास्त आलं, तर पोती माजघरात रचून ठेवावी लागतात. बारीक हातापायांच्या माणसाचं तसंच होतं. जादा चरबी आतड्यांभोवती आणि यकृतात जाऊन बसते. आतड्यांभोवतीच्या या चरबीतून सुटलेली मेदाम्लं रक्तवाहिनीतून थेट यकृतात पोचतात. मग सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' येतं, ट्रायग्लिसराइड्स चढतात, इन्शुलिनचं काम बिघडायला लागतं. चरबी किती, यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं, असं मार्सेचे फ्रेंच डॉक्टर जाँ वाग 1947 मध्येच सांगत होते. त्यांच्याकडे लक्ष द्यायला वैद्यकाला बरीच वर्षं लागली.

म्हणूनच आपल्यासाठी मोजमापं वेगळी ठरवलेली आहेत. जादा वजनाची रेषा भारतीयांसाठी बीएमआय 25 ऐवजी 23 ला येते. कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80. त्याहून सोपा हिशेब म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी. पत्रलेखकांची उंची 170, म्हणजे मर्यादा 85 ची. त्यांनी पँटचा नंबर 34 कळवलाय, त्यावर जाऊ नका. पँट पोटाच्या खाली बसते, तो नंबर पोटाचा नसतो. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर, उघड्या अंगावर, श्वास सहज सोडून शिंप्याचा टेप लावायचा. पोट आत ओढायचं नाही. त्यांना उलट टपाली तसं मोजायला सांगितलं, तेव्हा भरली 92.

आता वयाबद्दल. 'तिशी उलटली की मेटाबॉलिझम मंदावतो' हे वाक्य तुमच्या पत्रांत सारखं येतं, आणि ते मागे पडावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. 2021 मध्ये हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या मोठ्या गटानं 'सायन्स'मध्ये 29 देशांतल्या 6,400 हून जास्त लोकांची मोजणी मांडली. त्यांत आठ दिवसांच्या बाळापासून 95 वर्षांच्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळे होते. शरीराचा आकार आणि चरबी सोडून उरणारं वजन हिशेबात धरलं, तर विशीपासून साठीपर्यंत दिवसाचा ऊर्जाखर्च जवळपास सपाट राहतो. तिशीला तिथे काहीही घडत नाही.

घडतं ते घरात आणि ऑफिसात. नोकरी पक्की होते, लग्न होतं, हप्ते सुरू होतात, मूल रात्री झोपू देत नाही. रविवारचं क्रिकेट सुटतं. बसस्टॉपपर्यंतचं चालणं बाइकनं संपवलेलं असतं, उरलंसुरलं कार संपवते. संध्याकाळी सहाच्या चहाबरोबर फरसाण येतं आणि रात्रीचं जेवण दहाला. स्नायूंना काही कामच उरत नाही, आणि ज्याला काम नाही ते शरीर जपून ठेवत नाही. ज्यांच्याकडे मुळातच स्नायू कमी, त्यांना ही घट लवकर भोवते. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून नेण्याचं मोठं काम स्नायूच करतात. उचलणारेच कमी झाले, तर ती साखर यकृतात चरबी होऊन बसते. जिममध्ये सांगतात तशी किलोभर स्नायूंनी बसल्या बसल्या शेकडो कॅलरी जळत नाहीत. विश्रांतीत किलोमागे दिवसाला 13 च्या आसपास जळतात, बस्स. स्नायू हवेत ते साखर सामावून घ्यायला.

याची उलटी बाजू जपानमध्ये दिसते. सुमो पैलवान बाहेरून अवाढव्य, खाणंही तसंच. पण ओसाका विद्यापीठाच्या डॉ. युजी मात्सुझावा यांच्या गटानं सरावात असलेल्या सुमो पैलवानांचे सीटी स्कॅन पाहिले, तेव्हा त्यांची चरबी बहुतांशी कातडीखाली होती. आतड्यांभोवती फार नव्हती. रोजचा कडक सराव आतली जागा मोकळी ठेवत होता. निवृत्तीनंतर सराव थांबतो आणि आतली चरबी वाढते. कोल्हापुरात हे कुणाला सांगावं लागत नाही. मेहनत सुटली आणि खुराक तोच राहिला की पैलवानाचं काय होतं, हे तिथल्या कुठल्याही तालमीतले वस्ताद सांगतील.

तर मूळ प्रश्न : कमी की वाढ? माझं उत्तर आहे, दोन्ही नको. 64 चे 64 राहू देत. आतला हिशेब बदला. चरबी उतरवायची आणि स्नायू चढवायचे. वजनकाटा काही महिने जागचा हलणार नाही, त्यानं खचून जाऊ नका. टेपवर विश्वास ठेवा. नियमित व्यायामानं आतड्यांभोवतीची चरबी वजन न घटताही कमी होते, ही पक्की गोष्ट आहे.

अशा माणसानं उपासमार करू नये, हे मी अगदी आग्रहानं सांगतो. घाईनं उतरवलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा चरबीखेरीजचा असतो. अंगावर आधीच स्नायूंची वानवा असताना तेच गमावून 58 किलोचा आणि तशाच पोटाचा माणूस होण्यात काय मिळवलं? काहींनी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीबद्दल विचारलंय. मधलं चरणं बंद होतं, म्हणून त्यानं अनेकांचं पोट उतरतं. पण बारीक अंगाच्या माणसानं त्या दोन ताटांत प्रथिनं पुरेशी बसतात का, हे आधी पाहावं.

प्रथिनांतच आपलं ताट मार खातं. आयसीएमआरची शिफारस किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे आपल्या वाचकांना रोज 53 ग्रॅम. व्यायाम सुरू केल्यावर मी 70-75 वर नेईन. (मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.) त्यांनी आपला दिवस लिहून पाठवलाय : सकाळी पोहे, दुपारी डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किटं, रात्री भात-आमटी आणि पोळी. घरचं, साधं, नावं ठेवण्यासारखं काही नाही. पण जिकडेतिकडे पीठ आणि भात. उपासाच्या दिवशी साबुदाणा, तो तर जवळजवळ निव्वळ स्टार्च. यात मी फार उलथापालथ करणार नाही. पोहे निम्मे करून शेजारी दोन अंडी : 12 ग्रॅम. डब्यात बटाट्याऐवजी मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, आणि तीही चमचाभर नको, मोठी वाटी भरून : साताठ ग्रॅम. पोळ्या तीनऐवजी दोन. बिस्किटांच्या जागी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे. रात्री आमटी घट्ट, भात तिच्या मागून. ते मासे खातात, तर आठवड्यातून दोनदा बांगडा. शाकाहारी घरात पनीर, दही, सोयाबीनच्या वड्या. रात्री जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, पंधरा मिनिटं चालायचं. साखर उचलायला पाय तेव्हाच कामाला लागतात.

सोबत एकदा उपाशीपोटी साखर, एचबीए1सी आणि लिपिड तपासून घ्यावं. वजन 'नॉर्मल' असल्यामुळे अशा माणसाकडे कुणाचं लक्ष जात नाही, म्हणून त्यानं स्वतःच लक्ष घालायला हवं.

मागच्या आठवड्यात सांगितलेल्या 5,004 सिट-अप्सच्या प्रयोगावर बरीच पत्रं आली आहेत. 27 दिवस सिट-अप्स काढूनही पोट, पाठ आणि नितंब इथल्या चरबीपेशी सारख्याच प्रमाणात लहान झाल्या, हे अजून अनेकांना पटत नाही. त्यावर पुन्हा येईन. पुढच्या आठवड्यात मात्र आधी व्यायाम. बैठका आणि जोर यांपासून सुरुवात, आणि औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि सूर्यनमस्कार हा माझ्या आवडीचा विषयही त्याच ओघात.

मडगावच्या एका वाचक ताईंनी लिहिलंय की बाळंतपणाला दीड वर्ष झालं, वजन पूर्वीसारखं झालं, पण बेंबीभोवतीचं पोट तसंच पुढे आहे; उठून बसताना मधोमध एक उंचवटा येतो. ताई, ही बहुधा चरबीची गोष्ट नाही. गरोदरपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब जातात, ते काहींचे पुन्हा जवळ येत नाहीत. त्यावर वेगळा लेखांक लिहितो. तोवर एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या, आणि त्यांनी पाहीपर्यंत सिट-अप्स अजिबात करू नका.