आकड्यांची हातचलाखी (भाग ६) : दुप्पट, पण कशाच्या?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने देशभरातल्या डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना तातडीचं पत्र धाडलं. तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या मानाने दुप्पट आहे, असा इशारा त्यात होता. टीव्हीवर, वर्तमानपत्रांत एकच गहजब झाला. घाबरलेल्या कितीतरी बायकांनी गोळ्या तडकाफडकी बंद केल्या.

‘दुप्पट’ हे खरंच होतं. जुन्या गोळ्या घेणाऱ्या साधारण सात हजार बायकांमध्ये वर्षाकाठी एकीला गुठळी होत असे, नव्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये दोघींना. म्हणजे सात हजारांत एक जास्त. पण एकाचे दोन झाले की वाढ शंभर टक्के! मथळ्यात बसतं ते ‘शंभर टक्के’. ‘सात हजारांत एक’ला कोण विचारतो?

पुढचा भाग अधिक वाईट आहे. गोळी सुटली तशी दिवस जाण्याची प्रकरणं वाढली. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार जादा गर्भपात झाले, असा अंदाज आहे. आणि गुठळीचं म्हणाल, तर गरोदरपणात तिचा धोका या बदनाम गोळ्यांपेक्षाही जास्त असतो, जवळपास दुप्पट. ज्या भीतीने गोळी सोडली, तिच्याच अधिक जवळ त्या बायका गेल्या.

समितीच्या हेतूबद्दल मला शंका नाही. घाईत इशारा द्यायचा होता, तो दिला. पण मूळ धोका किती, हे सांगितल्याशिवाय ‘दुप्पट’ला काही अर्थच नसतो आणि लोकांच्या कानावर गेलं ते तेवढंच. संख्याशास्त्रात ‘सात हजारांत एक’ला निरपेक्ष आणि ‘दुप्पट’ला सापेक्ष धोका म्हणतात. नावं विसरलात तरी चालेल.

भीतीसाठी चालते ती युक्ती आशेसाठीही चालते. लिपिटॉर या कोलेस्टेरॉलवरच्या औषधाची अमेरिकेत जोरदार जाहिरात होत असे : हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ३६ टक्क्यांनी कमी! आकड्याला चांदणी, आणि तळाशी बारीक टाइपात खुलासा : एका मोठ्या चाचणीत साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांना झटका आला, लिपिटॉर घेणाऱ्यांपैकी २ टक्के लोकांना. चाचणी सव्वातीन वर्षांच्या आसपास चालली होती. तेवढा काळ शंभर जणांनी रोज गोळी घ्यायची, तेव्हा एकाचा झटका टळणार. (औषध निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. आधीच झटका येऊन गेलेल्याला फायदा बराच जास्त होतो. डॉक्टरांना न विचारता कुणी गोळी बंद करू नये.)

खरी चलाखी या दोन्ही तऱ्हा एकाच कागदावर वापरण्यात आहे. फायदा सांगायचा सापेक्ष आकड्यात, म्हणजे तो डोंगराएवढा दिसतो. दुष्परिणाम सांगायचे निरपेक्ष आकड्यात, म्हणजे ते नगण्य वाटतात. हे फक्त जाहिरातवाले करतात असंही नाही. बीएमजे, जामा आणि लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतले २००४ ते २००६ मधले लेख तपासले, तेव्हा फायदा-तोटा सांगणाऱ्या दर तीन लेखांपैकी एकात हाच दुटप्पीपणा सापडला. आणि ही नियतकालिकं जगभरचे डॉक्टर वाचतात.

(पुढील भागात : शून्यापासून सुरू न होणारे आलेख)